लामा की अलुएत

सासऱ्यांच्या शेजारची खुर्ची माझी होती. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण होती.

सासरे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. जुन्या हेलिकॉप्टरांचं भयंकर वेड, आणि डोळ्यांनी दगा दिलेला. समोर माणूस उभा आहे की कपाट, एवढंच कळतं. त्यामुळे गच्चीवर दुर्बीण लावून "बाबा, दोन पात्यांचं आहे", "बाबा, याला चाकं आहेत" असं सांगायला कोणीतरी लागायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. आमचं लग्न प्रेमातून झालं, पण टिकलंय त्या खुर्चीमुळे, असं बायको म्हणते. मी वाद घालत नाही.

मग धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं आणि घरात साडू आला. उंच, दाट केसांचा, घारीच्या नजरेचा. पहिल्याच रविवारी खुर्चीत जाऊन बसला. मी "अहो, ती माझी..." म्हणेपर्यंत बायकोने माझ्या हातात चहाचा ट्रे दिला.

त्याच सुमारास मागच्या डोंगरावर विजेचे मनोरे उभे राहायला लागले. वर जायला रस्ता नाही, म्हणून काँक्रीट न्यायला हेलिकॉप्टर आलं. पुढे काचेचा फुगा, मागे जाळीची शेपूट.

"अलुएत टू," मी ट्रेसकट म्हणालो.

"लामा," साडू म्हणाला. तेही दुर्बीण न लावता.

दोन्ही जुनी फ्रेंच हेलिकॉप्टरं, दिसायला सख्ख्या बहिणी. फरक एवढाच की लामा जवळपास दुप्पट ओझं उचलते. म्हणजे निकाल खाली लटकणाऱ्या काँक्रीटच्या बादलीवर लागणार.

"उद्या कळेलच, बाबा," साडू म्हणाला. बाबा त्याच्याकडे बघून हसले. त्यांना दिसत नाही हे मान्य, पण हसण्याची दिशा त्याचीच होती. रात्रभर मला ती दिशा टोचत राहिली.

सकाळी मी डोंगराच्या पायथ्याशी गेलो आणि मुकादमाला बाजूला घेतलं.

"आज बादली अर्धीच भरा."

"का?"

"असंच. तब्येतीला बरं."

मुकादमाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मघाशी ते साहेब आले, ते म्हणाले काठोकाठ भरा. तुमच्या घरात काय चाललंय काय?"

साडू सिमेंटच्या गोणीवर बसला होता. केसांत सिमेंट. तसाही देखणा दिसत होता, ते जास्त लागलं.

"साडूभाऊ, ही लबाडी आहे," मी म्हणालो.

"मग तुम्ही कशाला आलात?"

"फिरायला."

"हेल्मेट घालून?"

मुकादमाने दोघांनाही हाकलून नेहमीइतकीच बादली भरली. नेहमीइतकी म्हणजे बघूनच माझं कंबरडं मोडलं. हेलिकॉप्टरने ती भाजीची पिशवी उचलावी तशी उचलली. लामाच. साडूने मला मिठी मारली आणि "तुमचंही चुकलं नव्हतं हो" म्हणाला. या मोठेपणाबद्दल मी त्याला कधीच माफ करणार नाही.

मग तो घराकडे पळाला. ही बातमी त्याच्या तोंडून जायला नको म्हणून मीही पळालो. गच्चीवर पोचलो तेव्हा दोघांच्याही जिभा बाहेर होत्या, आणि खुर्चीत सासूबाई होत्या. हातात दुर्बीण.

"आता पायलटने मान बाहेर काढलीये," त्या सांगत होत्या, "खालच्या मजल्यावरच्या बाईशी भांडताना काढतात ना, तश्शी. बादली डुलतेय. सावली पुढे पळतेय आणि हा तिच्या मागे."

बाबा डोळे मिटून ऐकत होते. इतकी हेलिकॉप्टरं सांगूनही त्यांचा असा चेहरा मी एकदाही पाहिला नव्हता.

"बाबा, लामा आहे!" साडू धापा टाकत म्हणाला.

"माहितीये. पहिल्याच दिवशी आवाजावरून कळलं. जन्मभर ड्रिल ऐकलंय मी. नाव मला कळतं हो, ते करतंय काय हे कुणी सांगतच नाही. हं, मग गं? सावली कुठे गेली?"

"झाडावर चढली."

"वा!"

साडू आणि मी पाण्याच्या टाकीला टेकून बसलो. आमचं पहिल्यांदाच एकमत झालं: सासूबाई बघवत नव्हत्या.

"रोटरला पंखा म्हणतात त्या," साडू दातओठ खात कुजबुजला.

"आणि बाबा खपवून घेतात."

मी उठलो. शेवटचा प्रयत्न म्हणून घसा साफ केला. "बाबा, आता ते वर चाललंय! अगदी... म्हणजे... खूपच वर!"

"खाली येतंय," सासूबाई म्हणाल्या. दुर्बीण जराही न हलवता.