पाद्रीबाबांचा टेकू

वळ गावातल्या आमच्या शेतात भात पिकायचं तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं. तिथे गोडाऊन उभं राहिलं आणि मी भाऊशेठ झालो. भाडेकरू मितेश, जुन्या विलायती फर्निचरचा व्यापारी. दोन हजार सहाच्या चैत्रात त्याने भिंती सोडून एक अख्खं चर्चच आणून टाकलं. लांबलचक बाकं, पोरांच्या डोक्यावर पाणी घालायचं आठकोनी दगडी कुंड, चढून प्रवचन द्यायचं लाकडी मचाण. इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातलं पाचसहाशे वर्षांचं चर्च, माणसंच येईनात म्हणून बंद पडलेलं. मला वाईट वाटलं.

पण माझ्या डोक्याला वेगळाच घोर होता. माझी बायको गोदूबाई धवलारीण, म्हणजे आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी. तिने गायल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. गावभरच्या पोरींना तिने हळद चढवली, आणि सख्ख्या नातीची, रुचिकाची, हळद तोंडावर आली तर बाईचे गुडघे गेले. खुर्ची घे म्हटलं की अंगावर यायची.

"आत्यानं शिकवलंय, हळद चढेपर्यंत धवलारीण बसत न्हाय. बसून गायचं तं कॅसेट लावा!"

"मग कॅसेटच लावतो," मी म्हणालो. त्यानंतर आमच्याकडे कालवणात मीठ पडेना. रुचिका म्हणाली, "आजी गाणार न्हाय तर मला हळदच नको," आणि आत जाऊन रडली. रडू मलाही येत होतं, पण मी घरचा कर्ता पुरुष, रागावून वेळ मारून नेली.

जरा मन रमेल म्हणून एका दुपारी मी गोदूबाईला गोडाऊनवर नेलं. भिंतीशी काही जुनी आसनं जोडून ठेवली होती. त्यांचे बसायचे पाट बिजागरीवर वर उचललेले. मला वाटलं, मोडलेत. दाबून खाली करायला गेलो तर मितेश ओरडला, "भाऊ, रहने दो!"

उचललेल्या पाटाच्या खालच्या अंगाला कोरीव काम होतं: कोंबडी पळवणारा कोल्हा आणि काठी घेऊन त्याच्यामागे धावणारी बाई. गोदूबाई कितीतरी दिवसांनी हसली. "अवो, ही तं शेजारची मोरूची आय!"

त्या नक्षीच्या वर वीतभर रुंद फळी पुढे आलेली. मितेशने समजावलं, "प्रार्थनेला तासन्‌तास उभं राहायचं, बसायची बंदी. म्हाताऱ्या पाद्रींनी काय करायचं? म्हणून हा टेकू. पाट वर करायचा, या फळीवर टेकायचं. माणूस उभाच, भार लाकडावर."

 गोदूबाई पदर खोचून मागे सरकली आणि टेकली. पाय जमिनीवरच.

"मी बसलीय का उभी हाय?" तिने मला विचारलं.

"उभी."

"खोटं बोलताव."

"देवाशप्पत उभी! त्यांच्या देवाला चाललं, तुझ्या आत्यालाच न चालायला काय झालं?"

तिने डोळे मिटले आणि हळूच धवल्याची ओळ धरली. माझा जीव भांड्यात पडला.

आसनं विकली गेली होती, मितेश ती हलवू देईना. मी म्हटलं, मग हळदच इकडे आणतो. त्याने एकच अट घातली, "लाकडाला हळदीचा डाग नको." हळदीसाठी जागा मागून असलं वचन देणारा मी मूर्खच.

हळदीच्या संध्याकाळी अख्खं गाव चर्चच्या बाकांवर बसलं. मितेशही जेवायला आला होता. समोर चौरंगावर रुचिका, आणि कोल्ह्याला पाठीशी घेऊन आमची गोदूबाई. असा आवाज मी तिच्या तरुणपणीही ऐकला नव्हता. रुचिका एकीकडे हसत होती, एकीकडे डोळे पुसत होती. मी रागावायचं विसरलो आणि सगळ्यांदेखत रडलो.

हळद चढली. गोदूबाईने वाटीतली उरलेली हळद बोटांवर घेतली, मागे वळली आणि त्या फळीला चांगली चोपडली. मितेश ताडकन उठला. "माँजी, ये क्या किया!"

"त्या म्हाताऱ्या पाद्रीबाबाचे गुडघे बी दुखत असतील रं," ती म्हणाली. "हळद चांगली असते."

मितेश खाली बसला. मग ती माझ्याकडे वळली.

"आता आना तुमची खुर्ची."