खांद्यावरची खूण

चष्मेवाला सकाळी सकाळी बैलांच्या पुढ्यात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "हे जू आधी सोड. मग बोलू."

खमकीच्या हातात कासरा होता. ती म्हणाली, "भावजी, बोलायचं असेल तर बांधावर बसा. मला वाफसा गाठायचाय. जमीन काय तुमच्या बोलण्यासाठी थांबणार आहे?"

वाफसा म्हणजे काय, ते ठाऊक नसेल तर सांगते. पाऊस पडून गेला, माती ना चिखल ना ढेकूळ, मुठीत धरली तर वळते आणि सोडली तर भुगा होते, ते चार दिवस. त्या चार दिवसांत बी पडलं तर वर्षभर चूल पेटते. नाही पडलं तर बसा बोंबलत.

मी तिथंच होते. मी दोरवाली. वरची आळी संपते आणि खालची सुरू होते तिथं माझं घर. दोन्हीकडच्या बैलांच्या वेसणी, दावी, कासरे माझ्या हातचे. तेव्हा मी कुठल्या देवाची, ते मला विचारू नका. विचारणाऱ्यांनीच या गावाचं वाटोळं केलंय.

खमकी वरच्या आळीतली. नवरा गेलेला, पदरात दोन पोरी, उताराची एक पट्टी आणि एक बैल, बांडा. आता एका बैलाला नांगर ओढवतो होय? खालच्या आळीत एक म्हातारा होता, त्याच्याकडंही एकच, तांबडा. दोघांनी मिळून एक जोडी केलेली. आज तिचं शेत, उद्या त्याचं. याला सावड म्हणतात, आमच्याकडं बापजाद्यांपासून चालत आलेली. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला पोरी. बांडा डावीकडं, तांबडा उजवीकडं. बैलाची बाजू एकदा पडली की पडली, आणि जोडीदार बदलला तर नांगर राहू द्या, रिकामं जूसुद्धा ओढत नाहीत. ही जोडी फुटली तर दोन्ही घरं उपाशी मरणार, इतकं साधं होतं.

पण गावाला त्या साली खुणांचं वेड लागलेलं. आधी वरच्या आळीनं छपराछपरावर आपल्या देवाची खूण लावली, गोल. लगेच खालच्या आळीनं आपली लावली, उभी, आणि मुद्दाम हातभर उंच. मग दारं झाली, भिंती झाल्या, पाणवठ्याचा कट्टा झाला. माझ्या दारावर तर एकानं रंगवायची, दुसऱ्यानं पुसून आपली रंगवायची. दाराचं पार फडकं करून टाकलं मेल्यांनी! जागा संपली तशी खूण बैलांच्या कपाळावर आली. वरच्या आळीत हे सगळं चष्मेवाल्याच्या डोक्यातलं. त्याचं कापडाचं दुकान, नांगर कधी हातात धरलेला नाही. खालच्या आळीत त्याच्याच वळणाचा एक कंत्राटदार होता.

"आपली खूण आणि त्यांची खूण एका जुवाखाली?" चष्मेवाला म्हणाला. "वर आसूड त्या म्हाताऱ्याच्या हातात? म्हणजे आपल्या खुणेला तो हाकणार?"

"तो बैलाला हाकतो, भावजी."

"ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. तुझंही तसंच झालंय."

"लागू दे की गुण. तांबडा कमी खातो आणि गुमान चालतो. बांड्याला तेवढंच शिकायचं राहिलंय."

मी फसकन हसले. चष्मेवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात खालून कंत्राटदार आला आणि आसूड घेऊन बैलांमागं उभ्या म्हाताऱ्याला तेच सगळं उलट्या बाजूनं ऐकवायला लागला. म्हातारा बिचारा भित्रा. हात जोडून म्हणाला, "मालक, एवढी पेरणी होऊ द्या. मग म्हणाल ते करतो."

खमकीनं काय केलं असेल? सरळ जू सोडलं, दोन्ही बैल तळ्यावर नेले, दगडानं दोघांची कपाळं घासून काढली आणि वरून चिखल थापला.

"हं, बघा आता," ती म्हणाली. "दोघंही मातीचे. झालं समाधान?"

आणि परत येऊन तिनं नांगर धरला. संध्याकाळपर्यंत तिची निम्मी पट्टी नांगरून झाली. माती अशी काळी, लुसलुशीत उलटत होती की मलाच बी टाकायची हौस आली. "उद्या उरलेली, परवा दादांची," असं म्हणत ती घरी गेली. खरं सांगते, मला बाईचं कौतुक वाटलं.

पण त्या कपाळ घासण्यानं दोन्ही आळ्यांची एकी झाली! कधी नव्हे ती एकी. एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे चष्मेवाला आणि कंत्राटदार त्याच रात्री लोहाराच्या भट्टीवर मांडीला मांडी लावून बसले. ठरलं काय, तर रंग धुतला जातो, म्हणून आता लोखंड तापवून डाग द्यायचा. वरच्या बैलांना गोल, खालच्या बैलांना उभा. म्हणजे कुणाची बिशाद नाही पुसायची.

लोहार म्हणाला, "पुठ्ठ्यावर द्या, बाबांनो. डाग पुठ्ठ्यावरच देतात."

"बैलाचं ढुंगण कोण बघतंय?" कंत्राटदार म्हणाला. "समोरून यायला पाहिजे खूण. खांद्यावर द्या."

"खांद्यावर जू बसतं."

"बसू दे की. देवाच्या खुणेवर बसलं तर जोर येईल उलट," चष्मेवाला म्हणाला, आणि भोवतीचे माना डोलवायला लागले.

आता मला सांगा, शेतकऱ्याची पोरं ही. बैलाचा खांदा म्हणजे काय, यांना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण जो पहिला 'नको' म्हणेल तो फितूर ठरणार होता. मग एकाचं बघून दुसरा, आणि वरच्या आळीनं डागले म्हणून खालच्या आळीनं. मध्यरात्रीपर्यंत भट्टीवर रांग लागली.

खमकी रांगेत गेली नाही. तिनं गोठ्याच्या दाराला आतून अडसर घातला. तो कुणी काढला? परका नव्हे, तिचा सख्खा दीर.

"वहिनी, हट्ट सोड. सगळ्यांचे झाले. आपलाच कोरा राहिला तर मला आळीत तोंड दाखवायला जागा नाही."

"तुझं तोंड मोठं की माझ्या पोरींचं पोट? अरे, उद्या नांगर चालवायचाय मला! निदान पेरणी झाल्यावर द्या. नाहीतर माझ्या खांद्यावर द्या, या, माझ्या द्या!"

दिराबरोबर आलेल्या दोघांनी तिला धरलं. बांड्याला माझ्याच हातच्या दाव्यानं खांबाला करकचून बांधला. केस जळल्याचा वास आला, मग कातड्याचा. जनावर असं हंबरलं की खमकीच्या पोरी कानात बोटं घालून खाली बसल्या. तिकडं म्हाताऱ्यानं आपला तांबडा स्वतःच नेला होता. त्याच्या मुलानंच लोखंड टेकवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं कडक पडलं की माती बघता बघता वाळायला लागली. खमकीनं जुवाला जुनं गोधडं गुंडाळलं, डागावर हळद-तेल चोपडलं आणि जोडी जुंपली. चार पावलं गेली नाहीत तोच बांडा मटकन गुडघ्यावर बसला. तांबडा उभ्या जागी थरथरत होता. म्हाताऱ्यानं हातातला आसूड बांधावर टाकला आणि म्हणाला, "पोरी, मला नाही मारवत."

तिनं आजूबाजूला बघितलं. वर बघितलं, खाली बघितलं. एकाही शेतात नांगर चालत नव्हता. उताराच्या पट्ट्या आमच्या, यंत्र वर चढत नाही, बैलाशिवाय गती नाही. आणि गावातला एकूण एक बैल गोठ्यात मान पाडून उभा होता.

वाफसा गेला. ढेकळं अशी झाली की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. खुणा पिकल्या, माशा घोंगावायला लागल्या, दोन बैल तापानं मेले. चष्मेवाल्याचं दुकान उघडंच होतं. कंत्राटदारानं शहरातून धान्य आणवलं, पण स्वतःच्या घरापुरतं.

खमकी आणि म्हातारा मात्र कुदळी घेऊन तिच्या निम्म्या नांगरलेल्या तुकड्यात उतरले. माती वरून वाळली होती, आत बोटभर ओल होती. एकानं खड्डा खणायचा, दुसऱ्यानं बी टाकून पायानं दाबायचं. मीही दोर वळायचं सोडून गेले. अर्धी पट्टी पेरून झाली. तेवढंच. म्हाताऱ्याचं शेत तसंच राहिलं. खमकी म्हणाली, "दादा, जे उगवेल त्याचे दोन वाटे." म्हातारा डोळे पुसत पुढचा खड्डा खणायला लागला.

बांडा आणि तांबडा बांधावर चरत होते. दावं न बांधताही बांडा डावीकडं, तांबडा उजवीकडं, खांद्याला खांदा लावून.

आमची पेरणी चालू असतानाच एक दिवस चष्मेवाला आणि कंत्राटदार दोघंही आले. कुणाची खूण जास्त ठसठशीत उठली, यावरून पैज लागली होती म्हणे! शेतं ओस पडली तरी यांची हौस फिटली नव्हती. दोघं बांधावर वाकून बघायला लागले. बैल अंगभर चिखलात लडबडलेले. खांद्यावर नुसता मांसाचा गोळा, फुगलेला, लाल, कडेला खपली. गोल काय नि उभी काय, काही कळेना. चष्मेवाल्यानं चष्मा पुसला, परत बघितलं, आणि शेवटी खमकीलाच विचारलं, "अगं, यातली आपली कुठली?"

खमकीनं कुदळ खाली ठेवली नाही.

"दोन्ही तुमच्याच, भावजी," ती म्हणाली. "दोघांनी मिळून केल्यात. घ्या, जू तिथं पडलंय. घाला मान त्यात आणि माझी उरलेली पट्टी नांगरून द्या."

ती पुन्हा वाकली आणि खणायला लागली.