दमयंतीचा कान

शेंडीला धरलेला नारळ तिनं पुन्हा एकदा कानाशी हलवला आणि ऐकू आली ती तीच शिट्टी – बारीक, चिकट, न थांबणारी. आत पाणी मोकळं खळखळलं असेलही... असेल! गेली तीस वर्षं भाट्याच्या या वाडीतला नारळ दमयंतीच्या कानाखालून गेल्याशिवाय कुणाच्या कार्याला गेला नव्हता, आणि आता ती ‘असेल’वर आली होती.

समोर सगुणा पिशवीचं तोंड उघडून उभी. शेजारची, तिच्या लेकीचं, नम्रताचं लग्न परवावर आलेलं.

“पाच द्या, वैनी. ओटीचे हायत, नीट वाजवून बघा. तुमचा कान म्हंजे कान.”

कान! कानाला काही झालंच नव्हतं, तसं मुंबईच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं. अपूर्वा, तिची मुलगी, तिला घेऊन गेली होती. आणखी कुणाला याचा पत्ता नव्हता. “शिट्टी मेंदूत आहे, आजी,” – मेला आजी म्हणाला, चौपन्न वर्षांच्या बाईला – “अशी शिट्टी ऐकणाऱ्यांचे मेंदू इतरांच्या मेंदूंशी ताडून पाहिलेत. काहींच्यात आत एका जागी करडा भाग किंचित कमी भरतो. नको तो आवाज गाळणारी ती जागा असावी, असा अंदाज आहे. पण तुमच्या एकटीच्या मेंदूच्या फिल्मवरून तसं सांगता येणार नाही.” मग काढली कशाला ती फिल्म? घरी आल्यावर तिनं ती खिडकीशी धरली होती. आपल्याच डोक्याच्या चकत्या, करड्या, वळ्यावळ्यांच्या, आणि खाली दोन डोळ्यांचे गोळे. असलं काहीतरी घेऊन मी देवाला फुलं वाहते, भात कालवते... तिनं ती पाकिटात कोंबली. तेव्हापासून केसांना तेल लावतानासुद्धा बोटं आखडत, आतलं हाताला लागेल की काय असं वाटे.

आणि तो वास. महिन्यापूर्वी नम्रताच्या साखरपुड्यात पाहुण्यांसमोर नारळ फोडला, तर आतून काळं पाणी निघालं. पाटावर, तांदळांवर, होणाऱ्या सासूच्या पायांवर सांडलं. सासूनं पदर नाकाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. तोही नारळ दमयंतीनंच दिलेला. त्या दिवशीही शिट्टीशिवाय काही ऐकू आलं नव्हतं, आणि ती अगदी ठसक्यात म्हणाली होती, “चांगला आहे, ने.”

सगुणानं तेव्हा सगळ्यांदेखत सांगितलं, “बाजारातला हाय हो तो. घाईत आणला.” दमयंती तिथंच उभी होती, आणि गप्प राहिली.

सगुणाला खरंच तसं वाटत असेल? दोन ठिकाणचे नारळ तिच्या घरात मिसळले असतील? की माझी लाज राखली तिनं, आणि आता पुन्हा माझ्याच दारात...

“काय झालं, वैनी? हा नको काय?”

‘चांगला आहे’ हे शब्द जिभेवर आलेच होते, रोजच्या सवयीनं, आयते. त्यांच्याबरोबर तो वासही आला. स्वतःच्याच तोंडातून आल्यासारखा. दमयंतीनं ओठ मिटले. डॉक्टरच्या त्या करड्या जागेला काय बोल लावायचा? त्या जागेनं फार तर शिट्टी आत सोडली असेल. खोटं बोलायला तिनं सांगितलं नव्हतं.

ती ओट्यावरून उतरली आणि तिनं नारळ सगुणाच्या कानाशी धरून हलवला.

“तू ऐक. पाणी मोकळं वाजतंय, का नासक्यासारखं जड?”

“मला काय कळतंय!” सगुणा हसली. पण दमयंतीचं तोंड बघून तिचं हसू विरलं. “वैनी... तुमाला येत नाय काय ऐकू?”

दमयंती नारळ हलवत राहिली. शिट्टी चालूच होती, तिची आता तेवढी शिसारी वाटेना. ‘त्या दिवशीचा नारळ माझाच’ – एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांशी आले होते, आणि किळस वाटत होती ती ते गिळून टाकायला निघालेल्या स्वतःच्या घशाची.