एक बाही काळी

सुलट

लोकर उरलेलीच वापरायची, हे नीलाने आधीच ठरवलं होतं. ठाण्यात, कोपरीच्या घरात पलंगाखाली साडीच्या दुकानाची एक पिशवी होती आणि तिच्यात वर्षानुवर्षांचे गुंडे. नवऱ्याच्या, दौलतच्या, रात्रपाळीच्या मफलरातला मरून. लेकीच्या, हेमांगीच्या, बालवाडीतल्या टोपीचा पिवळा. कुणाच्या तरी मोज्यांचा पांढरा, लिंबाएवढाच. आणि काळे दोन.

काळे महत्त्वाचे. हेमांगीच्या मुलीची, संचूची, पहिली संक्रांत. कल्याणला बोरन्हाण. बोरन्हाणाला बाळाच्या अंगावर काळं हवं.

उलट

म्हणजे, ते हवं होतं विहिणीला. हेमांगीच्या सासूबाई रखमाबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "काळ्यातच करा हं, विहीणबाई. बारशाच्या कुंचीला तुम्ही हिरवी किनार लावलीत, आम्ही काही बोललो नाही."

"आता बोललात की."

"हे बोलणं नाही. ही आठवण."

फोन ठेवून नीला दौलतला म्हणाली, "या वेळी बोट ठेवायला जागाच ठेवणार नाही त्यांना."

"मग पट्ट्या कशाला? अख्खा काळा कर."

"एवढी काळी लोकर कुठंय? आणि तान्ह्या पोरीला अख्खं काळं घालून काय कोर्टात पाठवायचंय?"

सुलट

एक ओळ सुलट, एक ओळ उलट. काळी पट्टी, मरून, काळी, पिवळी, काळी. पांढरा पुरला तिथपर्यंत पांढरा. पाठ झाली, पोट झालं, डावी बाही झाली. तिथे पहिला काळा गुंडा संपला.

दुसरा घेतला. उजवी बाही.

(इथे एक टाका गळला आहे. पुढे उचलू.)

उलट

नीलाच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डाव्याचा नंतर काढायचा होता. पट्टी सुटल्यावर घरी आली, स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली.

"अहो, रंग कधी दिलात?"

"कशाला?"

"भिंतीला. पांढरी आहे."

"ती पांढरीच होती," दौलत म्हणाला.

मग तिने स्वेटर काढला. डावी बाही काळी. उजव्या बाहीवर जिथे जिथे काळी पट्टी असायला हवी, तिथे तिथे निळी. गर्द निळी. हेमांगीच्या शाळेच्या स्वेटरची निळी.

गळलेला टाका

ती विणत होती तेव्हा दौलत समोरच बसून चहा पीत होता. उजव्या बाहीकडे त्याने दोनदा पाहिलं होतं.

"तुम्हाला दिसत होतं?" नीलाने आता विचारलं.

"दिसत होतं की."

"मग बोलायला काय झालं?"

"मला वाटलं, फॅशन."

उसवण

उजवी बाही उसवली. लोकर मांडीवर पडली, शेवयांसारखी वाकडीतिकडी. दौलत काळी लोकर आणायला टेंभी नाक्यापर्यंत जाऊन आला आणि तिळगूळ घेऊन आला.

"काळी संपलीय. गडद म्हणून दुकानदार हाच दाखवत होता," त्याने फोनमधला फोटो पुढे केला. गर्द निळा गुंडा. "म्हटलं, हा आहे आमच्याकडे."

बोरन्हाण रविवारी. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, पण विणायला वाकावं लागत नाही. नीलाने त्याच निळ्याचे टाके पुन्हा सुईवर घातले.

उजवी बाही

तीच लोकर, तेवढेच टाके. या वेळी निळी म्हणून विणली. मधेच तिच्या लक्षात आलं, काळ्यापेक्षा निळ्याशेजारी मरून जास्त उठून दिसतो. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

सुलट

कल्याणला हॉलमध्ये चटई, चटईवर पाट, पाटावर संचू. गळ्यात हलव्याचे दागिने, त्यातला एक दाणा आधीच तोंडात. चुरमुऱ्यांवर डोळा ठेवून बिल्डिंगमधली पोरं दाटीवाटीने बसलेली.

नीलाने वाक्य तयार करून आणलं होतं: लोकर संपली हो, काय करणार. बोलायची वेळच आली नाही. रखमाबाईंनी चष्मा लावला, स्वेटर उचलला, शिवण उलटून पाहिली, मग दोन्ही बाह्या शेजारी शेजारी धरल्या.

"वा," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाह्या अगदी सारख्या. काळ्या कुळकुळीत. याला म्हणतात हात."

हेमांगीने आईकडे पाहिलं. जावई मितेशने ताटातल्या बोरांकडे पाहिलं. दौलतला खोकला आला.

हेच ऐकायला नीला इतके दिवस विणत होती. आता गप्प बसली तर ते कायमचं तिचं होतं.

"विहीणबाई," ती म्हणाली, "यातली निळी बाही कोणती?"

"निळी कुठंय?"

"बघा ना."

रखमाबाई बाल्कनीच्या दारात गेल्या. स्वेटर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "थट्टा करताय तुम्ही."

"एक निळी आहे. मलाही दिसली नव्हती. मोतीबिंदू काढला तेव्हा दिसली."

"माझे डोळे चांगले आहेत. अजून सुईत दोरा ओवते मी."

"आई, दोरा मी ओवतो," मितेश म्हणाला.

"तू गप रे."

मग रखमाबाईंनी स्वेटर संचूला चढवला, आधी एक बाही, मग दुसरी, आणि दोन्ही मनगटांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे बोरन्हाणाला अर्धं काळं आणलंत," त्या म्हणाल्या.

"पाऊण."

"पाऊण तर पाऊण." आणि मग, बोरांचं ताट उचलता उचलता, हळूच, "दुखतं का हो काढताना?"

"छे. माझा दुसरा राहिलाय अजून. मी जाईन तेव्हा या ठाण्याला, दाखवून घेऊ तुमचेही."

"येईन. पण जेवायला तिखट करू नका."

चुरमुरे, बोरं, गोळ्या संचूच्या डोक्यावरून घरंगळल्या. पोरं तुटून पडली. संचूने हात वर केले. नीलाने उजवा डोळा मिटून पाहिलं. दोन्ही बाह्या काळ्या, रखमाबाईंना दिसत होत्या तशा. मग डोळा उघडला, कारण पोरीच्या उजव्या मुठीत बोर होतं आणि ती ते तोंडात घालणार होती.