एमिलच्या रायफलीसाठी साचा

एमिल हेडग्रेनने अठ्ठावीस वर्षं आपल्या रायफलीला हात लावला नव्हता. मार्च महिन्यात तो गेला आणि ती रायफल त्याच्या मुलीकडे, आर्लिसकडे आली. दस्ता काळवंडलेला, नळीत गंज. आर्लिस बावन्न वर्षांची, शाळेची बस चालवणारी, हाडापेराने दणकट बाई. तिने उन्हाळाभर मागच्या ओसरीत बसून ती रायफल घासूनपुसून साफ केली. तिची आई, हेल्मा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायची आणि काही बोलायची नाही.

न बोलण्याची हेल्माला सवयच झाली होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरातल्या सकाळी, धुक्यात, एमिलने एल्क जातीच्या हरणावर एक गोळी झाडली आणि चाळीस पावलांवर त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा, वेड, कोसळला. शेरीफच्या माणसांनी विचारलं तेव्हा एमिल म्हणाला, "मीच." वेडला लागलेली गोळी एमिलच्या रायफलीच्याच मापाची होती. त्यापुढे कोणी काही विचारलं नाही. अपघात म्हणून कागद झाला. एमिलने गोळ्या ओतायचे आपले सगळे साचे नदीत फेकून दिले. हेल्माने आपला पलंग वेडच्या खोलीत नेला. त्यानंतर नवराबायकोत बोलणं झालं ते मीठ दे, दार लाव, थंडी वाढली, एवढंच. एक वाकडा शब्द तिने कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं आर्लिसला पुष्कळदा वाटायचं.

शिकारीच्या या हंगामात तीच रायफल घेऊन डोंगरात जायचं, असं आर्लिसने ठरवलं. का, ते तिला धड सांगता आलं नसतं. घरातली एक वस्तू तरी या शिक्षेतून सुटावी, असं काहीतरी होतं.

दुकानातल्या तयार गोळ्या त्या जुन्या नळीला सोसणार नव्हत्या. मऊ शिशाच्या गोळ्या घरी ओताव्या लागणार होत्या आणि त्यासाठी साचा हवा होता. गावातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात बर्नेट नावाचा गृहस्थ बसायचा.

"कुणाच्या रायफलीला?" त्याने विचारलं.

"बाबांच्या."

बर्नेटने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून काउंटरवर दोन साचे मांडले. "हा अॅल्युमिनियमचा. हलका, पटकन तापतो, पण धसमुसळेपणा चालत नाही याला. हा लोखंडी. तासाभरात मनगट भरून येईल, पण तुझ्यानंतरही टिकेल, गंजू दिला नाहीस तर. पितळी हवा असेल तर मागवावा लागतो, चार महिने धर."

"चार महिन्यांत हंगाम संपेल."

"नळीचं माप घेतलंस का?"

तिने मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून पार काढला होता. तो खिशातून काढून तिने पुढे केला. बर्नेटने मापून पाहिलं आणि मान हलवली. "खूप झिजलीय नळी. या साच्यांतली गोळी आत सैल पडेल. नळीत शिसं धरेल आणि नेम भलतीकडेच जाईल. नवा साचा घेऊन फसू नकोस. ओर्व्हलला विचार. त्याने आणि तुझ्या वडिलांनी एकाच दिवशी एकसारख्या रायफली घेतल्या होत्या. त्याच्याकडे जरा मोठी गोळी देणारे जुने साचे असतील."

ओर्व्हल स्टँगलँड म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी आणि एमिलचा जन्माचा मित्र. त्र्याऐंशी वर्षांचा. दर रविवारी एमिलकडे पत्ते खेळायला यायचा. एमिलला भेटायला येणारा शेवटी तो एकटाच उरला होता. मार्चमध्ये शवपेटीला खांदा द्यायला कोणाचं न ऐकता तोच पुढे झाला होता.

आर्लिस गेली तेव्हा तो गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून उन्हात बसला होता. तिने काम सांगितलं. त्याने गुडघे चोळले.

"त्या रायफलीचं काय करतेस, पोरी? विकून टाक."

"विकायची नाहीये काका. एकदा तरी डोंगरात न्यायचीय."

"एमिलला आवडलं असतं का?"

"काय माहीत. काही आवडतं असं ते बोललेच नाहीत कधी."

ओर्व्हल उठला. आत जाऊन कॉफीचा एक मोठा डबा घेऊन आला. त्यात तेलकट फडक्यांत गुंडाळलेले तीन लोखंडी साचे होते. तिने डबा त्याच्या हातातून घेतला.

"यातला तुमच्या रायफलीचा कुठला?"

"तिन्ही घेऊन जा. तिन्हींतून ओत आणि तूच बघ," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता परत खुर्चीत बसला.

शनिवारी सकाळी तिने मोटारीच्या शेडची दोन्ही दारं सताड उघडी ठेवली, शिशाचा धूर आत कोंडू नये म्हणून, आणि शेगडी पेटवली. पहिल्या साच्यातली गोळी बारीक निघाली, तिचा उपयोग नव्हता. दुसऱ्यातली मापाला बरी होती, पण तो साचा नीट मिटत नव्हता, गोळीला दोन्ही बाजूंनी पापुद्रे येत होते. तिसरा काजळीने काळा झालेला, दांडे वापरून गुळगुळीत झालेले. त्यातली गोळी चकचकीत पडली. कडा स्वच्छ, पोटावर वंगण भरायच्या तीन खोबणी. माप घेतलं तर नळीला अगदी नेमकं.

हाच, असं ती मनाशी म्हणाली आणि आणखी पाच ओतल्या. फडक्यावर ओळीने मांडताना तिच्या लक्षात आलं की प्रत्येक गोळीच्या मधल्या खोबणीत एक बारीक उंचवटा आहे, कापलेल्या नखाएवढा, किंचित वाकडा. साच्याला आतून कधीतरी टोचा पडला असणार. तिने अंगठा फिरवला आणि तिचा हात तिथेच थांबला. हा उंचवटा तिच्या अंगठ्याच्या ओळखीचा होता.

ती घरात गेली. हेल्मा दिवाणखान्यात डुलक्या घेत होती. कपाटात तिचा बटणांचा डबा होता, आणि बटणांच्या तळाशी एका पाकिटात वेडला लागलेली ती गोळी. शेरीफच्या कचेरीतून परत आलेली. आई घरी नसताना आर्लिसने ती कितीदा तरी हातात घेतली होती. पुढचं टोक चेपून पसरट झालेलं, पण मागचा भाग शाबूत. नळीतून जाताना कडांवर तिरपे ओरखडे उठले होते. खोबणींना मात्र नळी शिवत नाही. तिथे सगळं जसंच्या तसं होतं. तीन खोबणी आणि मधलीत तो वाकडा उंचवटा.

तिने दोन्ही गोळ्या शेजारी धरल्या. दोन्ही एकाच साच्यातल्या होत्या.

अर्ध्या तासाने ती कुंपण ओलांडून गेली. ओर्व्हल स्वयंपाकघरात होता. समोर कॉफी निवून गेलेली. तिने टेबलावर दोन्ही गोळ्या ठेवल्या. त्याने चष्मासुद्धा लावला नाही.

"मी वरच्या कड्यावर होतो," तो म्हणाला. "कळप पळाला तसा मीही एक झाडली. खाली धुकं होतं. काही पडलेलं दिसलं नाही, म्हणून घरी आलो. दुपारी कळलं."

"तेव्हाच कळलं तुम्हाला?"

"नाही. तेव्हा वाटलं एमिलच. तो स्वतःच म्हणत होता. पुढे हेल्माने मला गोळी दाखवली. हिला पोराशेजारी पुरू का, म्हणून विचारायला आली होती."

"आणि?"

"एमिलच्या साच्यांतल्या गोळ्यांना दोनच खोबणी असायच्या." त्याने कॉफीचा कप बाजूला सारला. "मी तिला म्हटलं, तुझ्याजवळच ठेव."

"बाबांनी ती गोळी कधी बघितलीच नाही," आर्लिस म्हणाली. "एकदा बघितली असती तर..."

"तर त्याला कळलं असतं. दर रविवारी मी हेच ठरवून यायचो, की आज सांगायचं. तो पत्ते पिसायचा, 'ये, तू एकटा तरी येतोस' म्हणायचा. आणि माझी जीभ उचलायची नाही."

"अठ्ठावीस वर्षं, काका."

"हो."

"आणि आता साचा देऊन मोकळे झालात. सांगायचं काम माझ्यावर टाकलंत."

आर्लिसला वाटलं, याला धरून गदागदा हलवावं. वाटलं, रडून घ्यावं. दोन्ही झालं नाही. तिने कोट खुंटीवरून काढला आणि त्याच्या अंगावर टाकला.

"चला. आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

हेल्मा जागी झाली होती. ओर्व्हलने तिच्यासमोर उभं राहून सांगितलं. खुर्ची दिली तरी बसला नाही. सगळं सांगायला चार-पाच वाक्यं पुरली. हेल्माने ऐकून घेतलं. चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही. फक्त मांडीवरचा रुमाल ती घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

"तुला पाणी हवंय का?" तिने शेवटी त्याला विचारलं.

"नको."

"मग जा घरी. आणि परत येऊ नकोस."

तो गेला. सोमवारी तो आपणहून शेरीफच्या कचेरीत गेला आणि लिहून देऊन आला. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने ते वाचलं, फाईल शोधायला वेळ लागेल म्हणाला आणि त्याला घरी सोडायची व्यवस्था केली. आठवड्याभरात सगळ्या खोऱ्याला बातमी कळली. ज्यांनी एमिलशी बोलणं टाकलं होतं ते आता भाकरी, मांसाची भांडी घेऊन दाराशी यायला लागले. आर्लिस भांडी घ्यायची, आभार मानायची आणि दार लावून घ्यायची.

पण ते नंतर. त्या शनिवारी ओर्व्हल गेल्यावर मायलेकी तशाच बसून राहिल्या. बाहेर शेडमधली शेगडी विझवायची राहिली होती. आर्लिस जाऊन ती विझवून आली.

"मी एमिलला एकदाही शिवी दिली नाही," हेल्मा म्हणाली. "मला वाटायचं, माझं मन मोठं आहे."

आर्लिसने तिचा हात धरला. हात गार पडला होता.

"तुला कधी वाटलं होतं का ग," आईने विचारलं, "की गोळी त्याची नसेल? एकदा तरी?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि म्हातारीला त्याने जरा बरं वाटलं असतं की आणखी वाईट, ते आर्लिसला ठरवता येईना.

"नाही आई," ती म्हणाली. "मलाही कधी वाटलं नाही."

हेल्माने मान डोलावली. मग खुर्चीचे हात धरून ती हळूहळू उठली, बोळातून चालत गेली आणि एमिलच्या खोलीचं दार उघडून आत उभी राहिली. मार्चपासून तिथे कोणी झोपलं नव्हतं. ती तिथेच उभी राहिली. आर्लिस बोळातच थांबली, मागोमाग गेली नाही.