दार उघडं ठेव, मालन

बेल वाजली की आधी स्टोव्ह बंद करायचा, हे मालनबाईंनी महिन्याभरात स्वतःला शिकवलं होतं. स्टोव्हचा आवाज गॅलरीत जातो. मग रेडिओ बंद करायचा, खिडकीचा पडदा ओढायचा. मग मायलेकींनी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायचं आणि बाहेरचा माणूस कंटाळून जाण्याची वाट पाहायची.

बाहेरचा माणूस कंटाळत नसे. कंटाळणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं.

"काकू, चपला बाहेर दिसतायत हां!" पोपट गॅलरीतून ओरडे. "घरात आहात ते माहितेय मला. काकांचं ओझं असं किती दिवस ठेवणार? मेलेल्या माणसाला तरी सुटू द्या!"

डोंबिवलीच्या त्या इमारतीत एका मजल्यावर आठ बिऱ्हाडं होती आणि गॅलरी एकच. पोपटला ओरडायची खरं तर गरज नव्हती. तो आठ दारांसाठी ओरडत असे.

वाचकहो, आपल्या ओळखीत असं एखादं घर नक्की असेल. कदाचित ते आपलंच असेल. बेल वाजते, माणसं एकमेकांकडे पाहतात आणि कुणीतरी ओठांवर बोट ठेवतं. चोरी केलेली नसते, पण घर चोरासारखं बसतं.

महिपतराव कळव्याच्या पुढे एका लहानशा कारखान्यात फिटर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यांनी कल्याणच्या एका खाजगी शेठकडून व्याजाने पैसे घेतले. कोऱ्या स्टँपपेपरवर सही केली. दर महिन्याला ते शेठच्या वसुलीच्या माणसाच्या, पोपटच्या, हातात व्याज ठेवत राहिले. पावती त्यांनी कधी मागितली नाही. मागणं म्हणजे समोरच्याचा अपमान, असं त्यांना वाटे. मग एका दुपारी जेवणाच्या ताटावरून उठताना ते खाली बसले आणि परत उठले नाहीत.

त्यांची मुलगी सुहासिनी ठाण्याला एका विमा कचेरीत नोकरीला होती. वडिलांनीच तिला वाचनाचं वेड लावलं होतं. घरात दुसरं काही नसलं तरी वाचनालयाचं पुस्तक असे. पण त्या सगळ्या वाचनाचा दहाव्याच्या दिवशी काही उपयोग झाला नाही.

दहावं कल्याणला, दुर्गाडीच्या गणेश घाटावर होतं. मुलगा नसल्यामुळे विधी मालनबाईंच्या भावाने, दगडूमामांनी केले. सुहासिनी हट्टाने गेली होती. पिंड मांडून झाला, पण कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर बसलेले कावळे मान वाकडी करून पाहत होते, इतकंच.

"मालनला काही कमी पडू देणार नाही," दगडूमामा हात जोडून म्हणाले. कावळे हलले नाहीत.

"सुहासचं लग्न मी लावून देईन."

तरी काही नाही. गुरुजी घड्याळ पाहू लागले. तेव्हा मामांच्या मागे पांढऱ्या शर्टात, रुमाल डोक्याला बांधून उभा असलेला पोपट हळूच म्हणाला, "मामा, कर्जाचं बोला."

घामाघूम झालेले मामा मोठ्याने बोलले, "महिपतराव, तुमचं सगळं देणं सुहास फेडेल! पै न् पै फेडेल! चिंता करू नका!"

आणि कावळा उतरला.

सुहासिनीचा कावळ्यावर विश्वास नव्हता. पण आईचा होता, आणि घरी येऊन मामांनी ते सांगितलं तेव्हा आईचा चेहरा तिने पाहिला होता. त्यांच्याबरोबर घरापर्यंत आलेल्या पोपटनेही पाहिला होता. त्या दिवसापासून दर रविवारी तो त्या वचनाची आठवण द्यायला येऊ लागला. पहिल्याच खेपेला त्याने भिंतीवरच्या महिपतरावांच्या हार घातलेल्या फोटोला नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, लेक शब्द पाळतेय का बघतो मी." तो गेल्यावर मालनबाईंनी फोटो उतरवला आणि कपाटात पातळांच्या खाली ठेवून दिला. नवऱ्याच्या नजरेला नजर देण्याची त्यांना लाज वाटू लागली होती.

सुहासिनीने सुरुवातीला दोन पगार त्याच्या हातात ठेवले. पावती मागायचं तिलाही सुचलं नाही. तिसऱ्या महिन्यापासून देणं जमेना, तेव्हा दार बंद राहू लागलं. शेवटी पोपट बंद दाराबाहेरून म्हणाला, "असं व्याजावर किती वर्षं काढणार, मॅडम? शेठ बोलले, घर लिहून द्या, विषय संपला. येत्या रविवारी कागद घेऊन येतो. काकूंची एक सही लागेल."

घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. पण ते मालनबाईंच्या नावावर होतं. माहेरचे दागिने मोडून आणि वर्षानुवर्षं परकर शिवून त्यांनी ते घेतलं होतं.

"देऊन टाकू," मालनबाई म्हणाल्या. "भाड्याने राहू कुठेतरी. त्यांना तरी गती मिळेल."

वडील गेल्यापासून सुहासिनी रडली नव्हती. रडायला बसावं तर बेल वाजेल, अशी भीती वाटे.

शनिवारी संध्याकाळी विमलाबाई आल्या. महिपतरावांची ही थोरली बहीण. भाऊ गेला तेव्हा त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, त्यामुळे त्या आता काठी टेकत कल्याणहून येत होत्या. त्यांनी बेल वाजवली, आणि आत स्टोव्ह बंद झाला.

"मालन!" बाहेरून आवाज आला. "फोडणीचा वास येतोय. मला बाहेर ठेवून कुणाला जेवायला घालणार आहेस?"

दार उघडलं. आत येऊन विमलाबाई खुर्चीवर बसल्या, भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "महिपत कुठे आहे?"

मालनबाईंनी कपाट उघडलं, आणि सगळं बोलणं बाहेर आलं. दगडूमामाही तिथेच होते; उद्याच्या सहीला साक्षीदार म्हणून त्यांना बोलावलं होतं.

"दगडूभाऊ," विमलाबाई शेवटी म्हणाल्या, "वचन कुणी दिलं?"

"मी दिलं, ताई. पण सुहासच्या नावाने—"

"म्हणजे जेवण तुम्ही सांगितलं आणि बिल तिच्या नावावर लावलं. छान!"

"कावळा शिवत नव्हता हो!"

"त्या दिवशी घाटावर आणखी पिंड होते का?"

"होते चार-पाच."

"पोट भरलेला कावळा तो. सावकाश येणार नाहीतर काय धावत येणार?" मग त्यांचा आवाज खाली आला. "मालन, तुझी श्रद्धा मी मोडत नाही. महिपतला आपलं देणं फिटावं असं वाटत होतं, हे मलाही मान्य आहे. पण देणं म्हणजे काय ते आधी ठरवू या. मी सव्वीस वर्षं पतपेढीत काढली, त्यातली निम्मी वसुलीला. लोकांच्या दारात मी उभी राहिले आहे. पण सुतकातल्या घराची पायरी आम्ही कधी चढलो नाही. आणि पावती फाडल्याशिवाय एक रुपया हातात धरला नाही. जो पावती देत नाही तो वसुली करत नाही, तो लुटतो."

"पण आत्या, बाबांनी घेतले होते ना पैसे?" सुहासिनी म्हणाली.

"घेतले होते. घेतलेलं परत करावं, यात वादच नाही. पण वारसाला देणं लागतं ते बापाने मागे जे ठेवलं त्यातून. महिपतने काय ठेवलं? एक सायकल आणि तुझं हे वाचनाचं वेड. मालनचं घर मालनचं आहे. दुसरं, परवाना नसताना सावकारी करता येत नाही. असल्या सावकाराला कोर्ट उभं करत नाही. तिसरं, दारात येऊन माणसाला छळणं हाच गुन्हा आहे. हे त्या पोपटला माहीत आहे."

"मग तो येतो कसा?"

"तुम्ही दार लावून घेता म्हणून येतो! त्याच्याकडे दुसरं हत्यारच नाही गं. चार लोकांत तुझी अब्रू जाईल, या भीतीवर त्याची मोटरसायकल चालते. उद्या दार उघडं ठेव, मालन."

रविवारी पोपट आला तेव्हा दार सताड उघडं होतं. स्टोव्ह फरफरत होता, रेडिओ चालू होता. तो उंबऱ्यातच थबकला. उघड्या दाराची त्याला सवय नव्हती.

"या, या," विमलाबाई म्हणाल्या. "तुम्हीच पोपट ना? बसा. अगं शकू, तूही ये. विमलाबाई बोलावतायत म्हणावं, सगळ्यांनाच सांग. दर रविवारी तुम्ही दाराच्या फटीतून ऐकता, आज बसून ऐका."

शेजारची शकू ओशाळून आत आली. तिच्यामागे आणखी दोघी आल्या, आणि गॅलरीत गर्दी झाली.

"हे काय आहे, आजी?" पोपट म्हणाला. "आपलं खाजगी काम आहे."

"खाजगी कसं? महिनाभर तुम्ही गॅलरीत सांगताय. आता जरा मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं. तुमच्या शेठचा सावकारीचा परवाना आणलाय?"

"परवाना... ऑफिसात असेल."

"बरं. महिपतने आजवर भरलेल्या पैशांचा हिशेब? पावत्या?"

"विश्वासाचा व्यवहार होता, आजी."

"विश्वासाचा होता, मग कोऱ्या स्टँपपेपरवर सही कशाला घेतली?"

गॅलरीत कुणीतरी हसलं. पोपटचे कान लाल झाले. "तुम्ही मला शिकवू नका! घाटावर वचन दिलेलं आहे! मी स्वतः ऐकलेलं आहे!"

तेव्हा सुहासिनी उभी राहिली.

"वचन बाबांना दिलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला नाही. माझ्या बाबांच्या पिंडामागे उभं राहून तुम्ही वसुली केलीत! आई सही करणार नाही. मुद्दल खरंच राहिलं असेल तर शेठना लेखी हिशेब घेऊन यायला सांगा. पावती देणार असाल तर जे न्यायाने निघेल ते मी देईन. आणि पुन्हा गॅलरीत ओरडलात तर मी रामनगर पोलीस ठाण्यात जाईन."

"मीपण येईन," शकू अचानक म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. तिने पदर घट्ट धरला होता. "आमच्याकडे हा बुधवारी येतो, अजून ओरडत नाही, हळूच टकटक करून धमकावतो. आम्हीपण दार लावून बसतो."

दगडूमामांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! म्हणजे शेजारच्या दाराआडही हेच चाललं होतं!"

पोपटने बॅग काखेत मारली.

"चहा घेऊन जा," विमलाबाई म्हणाल्या. "तुमच्याशी भांडण नाही. मीही हेच काम केलंय. फक्त रात्री झोप लागेल असं केलंय."

पोपटने कपाकडे पाहिलं, मग लोकांकडे. उभ्याउभ्याच त्याने चहा संपवला, कप नीट खाली ठेवला आणि तो जिना उतरून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. बुधवारी शकूकडेही नाही. विमलाबाईंनी रजिस्टर पत्राने शेठकडे हिशेब मागितला. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

पण मालनबाईंच्या मनातली रुखरुख गेली नव्हती. "वन्सं, शब्द तर दिला होता ना," त्या म्हणाल्या.

"दिला होता. आणि तो पाळायचाच आहे," विमलाबाई म्हणाल्या. "महिपत माझ्याजवळ एकाच देण्याबद्दल बोलत असे. विठ्ठलचं."

विठ्ठल कारखान्यात महिपतरावांच्या शेजारच्या मशीनवर काम करत. सुहासिनीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी पैसे दिले होते, कागदाशिवाय. कारखान्याचं टाळं त्यांच्याही नशिबी आलं होतं. दहाव्याला ते घाटावर होते. सगळ्यांत मागे उभे होते, आणि एक शब्द बोलले नव्हते.

सुहासिनीने पगारातून थोडे थोडे बाजूला काढले आणि एका संध्याकाळी आईला घेऊन ती कळव्याला त्यांच्या घरी गेली. पाकीट पाहून विठ्ठलकाका मागे सरकले.

"अगं, वेडी का काय? मी मागितले का कधी?"

"नाही मागितलेत, म्हणूनच आणलेत, काका."

ते बराच वेळ नको नको म्हणत राहिले. मग त्यांची बायको आतून म्हणाली, "अहो, घ्या. पोरीला मोकळं होऊ द्या." तेव्हा त्यांनी पाकीट घेतलं.

"आता पावती द्या," सुहासिनी म्हणाली.

विठ्ठलकाका खो खो हसले. महिपतराव गेल्यापासून त्या दोन घरांतलं ते पहिलं हसू होतं. हसता हसता त्यांनी कॅलेंडरचा एक तुकडा फाडला आणि त्यामागे लिहिलं: महिपत माझं काही देणं लागत नाही.

घरी येऊन मालनबाईंनी कपाट उघडलं. पातळांखालून फोटो काढला, पदराने काच पुसली आणि तो जुन्या खिळ्यावर लावला. सुहासिनी समोर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर रडली. दार उघडंच होतं. शकू येऊन तिच्याजवळ बसली.

बंधुभगिनींनो, घेतलेलं फेडावं. त्यात माणसाची शोभा आहे. पण फेडताना पावती मागायला लाजू नये, आणि न कळणाऱ्या कागदावर सही करू नये. जो ओरडतो त्याचंच देणं मोठं असतं असं नाही. पुष्कळदा खरं देणं न बोलणाऱ्या माणसाचं असतं. आणि अडचण आली म्हणून दार लावून बसू नये. लावलेल्या दाराआड भीती वाढते, आणि शेजारच्या घरातही तीच भीती बसली आहे हे आपल्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मालनबाई पोळ्या करत होत्या. स्टोव्ह तसाच चालू ठेवून, हाताला पीठ असतानाच त्या दार उघडायला गेल्या.