डोक्याच्या बाहेरची राखण

मी डोक्यावर घालायचा एक जुना टोप आहे. तुम्ही हेल्मेट म्हणता तो. रंग काळा, कपाळाशी पांढरा चरा, आणि स्वभाव जन्मापासून भित्रा. हसू नका मित्रांनो. ज्याचं कामच मार खाणं आहे, त्याने भ्यायचं नाही तर कोणी?

कारखान्यात माझ्या आत मऊ फोम बसवला, पट्टे लावले, आणि उत्तर ऑंटारिओतल्या एका खाणींच्या गावात, तिथल्या व्यावसायिक आइस हॉकी संघाकडे माझी रवानगी झाली. सप्टेंबरात मला नोलन मकेला नावाचा गडी मिळाला. विशीतला बचावपटू, दाट केस, समोरचा एक दात गायब. घामाने मला चिंब करायचा, पण बर्फावरून उतरला की पुसून खुंटीला टांगायचा. मला तो फार आवडला आणि तिथूनच माझी काळजी सुरू झाली.

हंगामाआधी डॉक्टरबाई सगळ्या खेळाडूंची स्मरणशक्ती तपासत. काही शब्द सांगायच्या आणि थोड्या वेळाने विचारायच्या. पुढे कोणाच्या डोक्याला मार बसला तर पुन्हा तीच तपासणी व्हायची. आठवण आधीपेक्षा कमी भरली, की त्याला घरी बसवायचं. नोलन तपासणीला निघाला तसं व्हिक पेल्टिएने त्याला थांबवलं. व्हिक त्याचा बचावातला जोडीदार, दाढी पिकायला लागलेला.

"ए शहाण्या, सगळे शब्द धडाधड सांगून येऊ नकोस."

"का? येतायत की मला."

"म्हणूनच सांगतोय. आज गाढव ठरलास, तर पुढे डोकं आपटल्यावरही गाढवच ठरशील. कोणाला फरक कळणार नाही. आम्ही सगळे हेच करतो."

कपडे बदलायची सगळी खोली खदाखदा हसली. नोलनही हसला आणि मुद्दाम अर्धे शब्द विसरून आला. खुंटीवर माझा मात्र जीव टांगणीला लागला होता.

बचावपटूचं काम माहीत आहे तुम्हाला? या खेळात चेंडूऐवजी रबरी चकती असते; ती आपल्या कोपऱ्यात घुसली, की मैदानाकडे पाठ करून तिच्यामागे धावायचं. मागून कोणाच्या तरी स्केटचा खरखराट येतो. जवळ येतो, अजून जवळ येतो. नोलनला वळून बघायला फुरसत नसायची. मला सगळं ऐकू यायचं, पण ओरडायला तोंड नव्हतं. तरी पोरगा खेळला झकास. गोलकडे सुटलेल्या चकतीपुढे बेधडक आडवा पडायचा. लोक त्याच्या नावाने बाकं बडवायचे, आणि वरच्या लीगमधल्या मोठ्या संघाची माणसं त्याला बघायला यायला लागली.

मग जानेवारीतल्या एका सामन्यात मागून आलेला गडी थांबलाच नाही. नोलनचं डोकं मैदानाभोवतीच्या कठड्यावर आदळलं. मला तडासुद्धा गेला नाही. सगळे म्हणाले, टोप दणकट आहे. पण मित्रांनो, मी बाहेरचा मार अडवतो. आत त्याचा मेंदू कवटीवर आपटला, ते मला जाणवलं. तिथे माझं काय चालणार?

डॉक्टरबाईंनी तपासलं. नोलनला अर्धे शब्द आठवले. सप्टेंबरातही तेवढेच आठवले होते. "ठीक आहेस," बाई म्हणाल्या. दोनच दिवसांत मोठ्या संघाचं बोलावणं आलं: शनिवारी आमच्याकडून खेळ. चालायला शिकल्यापासून तो ज्यासाठी बर्फावर पडत होता, ते आलं.

शुक्रवारी सरावाआधी तो व्हिकशेजारी बसून हॉकीच्या काठीला टेप गुंडाळत होता.

"व्हिक, आज सामना कोणाशी?"

"सराव आहे. झोपेत आहेस का?"

नोलनने मान डोलावली. गुंडाळलेली टेप सोलून काढली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"व्हिक, आज सामना कोणाशी रे?"

व्हिकने हळूच विचारलं, "सप्टेंबरात मुद्दाम विसरला होतास. या आठवड्यात?"

"या आठवड्यात नाही," नोलन खाली बघत म्हणाला. "सगळे आठवायचा खूप प्रयत्न केला. नाहीच आठवले. कोणाला सांगू नकोस. उद्या जायचंय मला."

"आणि उद्या परत आपटलास तर?"

"माझं वाटोळं करू नकोस. तू स्वतः इतकी वर्षं लपवलंसच ना?"

"लपवलं. आता घरी जाताना वळण आठवत नाही. बायकोला फोन करावा लागतो."

व्हिकने मला उचललं, काखेत मारलं आणि थेट डॉक्टरबाईंच्या दारात गेला. "बाई, आमच्या दोघांची तपासणी खोटी आहे. आधी त्याचं बघा," म्हणाला.

शनिवारी मोठ्या संघातून दुसराच कोणी खेळला. नोलन अजून घरी पडदे ओढून बसतो, उजेड सोसत नाही. मी टेबलावर पडून असतो. व्हिकचाही खेळ त्या तपासणीनंतर सुटला. तो रोज येतो, आणि नोलन तोंड फिरवतो. काल मात्र नोलन बोलला.

"तू गप्प बसला असतास, तर शनिवारी मी खेळलो असतो."

"हो. खेळला असतास."

"आणि रविवारी?"

व्हिकने नोलनचा हात धरला, आणि नोलनने तो सोडवून घेतला नाही.

मित्रांनो, टोप जरूर घाला, पट्टा घट्ट बांधा. पण डोक्यात काही बिघडलं, तर कोणी हसेल, कोणी बाहेर बसवेल म्हणून गप्प राहू नका. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.